मराठी शाळेंत भूगोल कसा आला : पलभा, पुराण आणि पाटी

१

भूगोल हा विषय आज मराठी शाळेंत इतका रुळला आहे कीं, एके काळीं तो तेथें नव्हता याची आठवणहि कोणास राहिलेली नाहीं. वरिष्ठ प्राथमिक वर्गांतील मुलास अक्षांश, रेखांश, कटिबंध, खंडें व महासागर हे शब्द तोंडपाठ असतात. परंतु पेशवाईच्या अखेरीस, म्हणजे इ. स. १८१८ च्या सुमारास, आमच्या पंतोजींच्या शाळेंत या विषयास स्थान नव्हतें. धूळपाटीवर मुळाक्षरें, मग मोडी वळण, उजळणी, पावकी-निमकी, सवाई-दिडकी-औटकी, तोंडी हिशेब आणि पत्रांचे मायने, एवढ्यांत त्या शाळेचा अभ्यासक्रम संपे. काशीस जाऊन आलेला मनुष्य गांवांत असे, लष्कराबरोबर अटकेपर्यंतचा मुलूख तुडविलेल्या शिलेदाराचा नातू शाळेंत बसे. तथापि देशाची आकृति पाटीवर काढावी हें कोणाच्या मनांत येत नसे.

मग हा विषय आला कोठून? या प्रश्नास दोन सोपीं उत्तरें दिलीं जातात. पहिलें असें कीं, पृथ्वी वाटोळी आहे हें आम्हांस इंग्रजांनीं शिकविलें; तत्पूर्वीं आम्ही शेषाच्या मस्तकावरील सपाट पृथ्वीवर राहत होतों. दुसरें असें कीं, हें सर्व आमच्या आचार्यांनीं आठशें वर्षांपूर्वींच सांगून ठेविलें होतें. साहेबानें आमचेंच धन आम्हांस उसनें दिलें. प्रस्तुत लेखकानें तीसांहून अधिक वर्षें वरिष्ठ प्राथमिक वर्गांस संस्कृत व भूगोल हे दोन्ही विषय शिकविले. त्या अनुभवावरून व जुन्या ग्रंथांवरून त्याचें असें मत झालें आहे कीं, दोन्ही उत्तरें अर्धवट आहेत. खरी हकीकत याहून अधिक गुंतागुंतीची असून तिचे पुरावे ज्या कागदांत आहेत, ते कागद आपण संग्राहक मंडळीहि बहुधा टाकून देतों. म्हणून हा लेख.

२

प्रथम गांवच्या जोशाकडे वळूं. ज्या गांवीं पंतोजींस अक्षांश ठाऊक नव्हता, त्याच गांवीं जोशीबोवांस तो ठाऊक होता. मात्र निराळ्या नांवानें. बारा अंगुळें उंचीचा शंकु सपाट जमिनीवर उभा करावा. सायन मेष संक्रमणाच्या दिवशीं, म्हणजे दिवस व रात्र समान असतां, मध्यान्हीं त्याची जी छाया पडेल ती अंगुळांत मोजावी. हीच त्या गांवची पलभा. विषुववृत्तावर ती शून्य असते. उत्तरेस जावें तसतशी वाढते. पुण्याचा अक्षांश सुमारें १८ अंश ३१ कला; तेथें ही छाया जवळजवळ बरोबर ४ अंगुळें येते. उज्जयिनीचा अक्षांश सुमारें २३ अंश ११ कला. तेथें ती ५ अंगुळांहून किंचित् अधिक भरते. त्रिकोणमितीच्या भाषेंत, अक्षांशाच्या स्पर्शज्येस बारांनीं गुणिलें कीं पलभा मिळते.

जोशास तिचें प्रयोजन काय? लग्न साधावयाचें, दिनमान काढावयाचें, तर पलभेवांचून पाऊल पुढें पडत नाहीं. गणेश दैवज्ञानें शके १४४२ मध्यें कोंकणांतील नांदगांवीं ग्रहलाघव रचिला. त्या ग्रंथावर व तत्सम करणग्रंथांवर आमच्याकडील पंचांगगणित शेंकडों वर्षें चाललें. पलभेस अनुक्रमें १०, ८ व ३⅓ यांनीं गुणिलें कीं तीन चरखंडें येतात. पुण्याच्या ४ अंगुळांवरून तीं ४०, ३२ व १३⅓ पळें, बेरीज ८५⅓. एवढी वाढ अर्ध्या दिवसाच्या १५ घटिकांत मिळवून दुप्पट केली कीं, पुण्यांतील सर्वांत मोठा दिवस सुमारें ३२ घटिका ५१ पळांचा, म्हणजे १३ तास ८ मिनिटांचा ठरतो. आधुनिक गोलीय त्रिकोणमितीनें केलेलें गणित यापासून एक-दोन मिनिटांहून अधिक दूर जात नाहीं.

रेखांशाचीहि हीच कथा. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र व मेरु यांवरून जाणारी ती मध्यरेषा मानून आपला गांव तिच्या पूर्वेस किंवा पश्चिमेस किती योजनें आहे, हें देशांतर जोशास ठाऊक असावें लागे. सारांश, अक्षांश व रेखांश हे दोन्ही अंक मराठी खेड्यांत होते. ते पोथीच्या शेवटच्या पानावर होते. शाळेच्या पाटीवर नव्हते. विद्या गांवांत असणें आणि ती मुलांस शिकविली जाणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें या विषयाच्या इतिहासाचें पहिलें सूत्र होय.

३

परंतु ज्या जोशाच्या पोथींत हा अंक होता, त्याच्याच ओसरीवर सायंकाळीं पुराण लागे. त्या पुराणांतील पृथ्वी निराळी. मध्यें एक लक्ष योजनें विस्ताराचें जंबुद्वीप, त्याच्या मध्यभागीं ८४ सहस्र योजनें उंचीचा मेरु, भोंवतीं क्षारसमुद्र. मग प्लक्ष, शाल्मलि, कुश, क्रौंच, शाक व पुष्कर हीं द्वीपें आणि त्यांस वेढणारे इक्षुरस, सुरा, घृत, दधि, क्षीर व शुद्धोदक यांचे समुद्र. भूमंडलाचा एकंदर विस्तार पन्नास कोटी योजनें. उलटपक्षीं, शके १०७२ मध्यें सिद्धान्तशिरोमणि पूर्ण करणाऱ्या भास्कराचार्यांनीं पृथ्वीचा परिघ ४९६७ योजनें दिला आहे. एक विस्तार व दुसरा परिघ असला, तरी दोन अंकांत सुमारें एक लक्ष पटींचें अंतर आहे. आणि दोन्ही अंक एकाच घरांत सुखानें नांदत होते.

आचार्यांनीं गोलाध्यायांत या प्रश्नाची जी चर्चा केली आहे, ती आजच्या शिक्षकानेंहि अभ्यासावी अशी आहे. पृथ्वी सपाट असती तर उंच फिरणारा सूर्य सर्वांस सर्वकाळ कां दिसत नाहीं, असा ते प्रश्न करितात. ती सपाट दिसते याचें कारण ते असें देतात कीं, मोठ्या वर्तुळाच्या परिघाचा अल्प अंश सरळच भासतो, आणि एवढ्या प्रचंड गोलापुढें मनुष्य फार लहान आहे. पृथ्वीस आधार मानावा तर त्या आधारास दुसरा आधार मानावा लागेल, त्यास तिसरा. शेवटीं कोठें तरी स्वतःच्या शक्तीनें राहणारें कांहीं मानणें भाग पडतें. तर मग तें पृथ्वीविषयींच कां मानूं नये? परिघ मोजण्याची रीतहि ते सांगतात. दक्षिणोत्तर रेषेवरील दोन नगरें घ्यावीं, त्यांच्या अक्षांशांतील अंतर व योजनांतील अंतर काढावें, आणि त्रैराशिक मांडावें. हा विचार बारा वर्षांच्या मुलास समजतो. कारण त्यांत पाठांतरास वाव नाहीं, युक्तीस आहे.

पुराणांचा मान राखण्यासाठीं आचार्यांनीं एक तडजोडहि केली. विषुववृत्ताच्या उत्तरेचा गोलार्ध तें जंबुद्वीप, आणि उरलेलीं सहा द्वीपें व समुद्र दक्षिण गोलार्धांत, अशी वांटणी करून त्यांनीं पुराणांतील भूमि गोलावर बसविली. पुढें सतराव्या शतकांत महाभारताचे टीकाकार नीलकंठ चतुर्धर यांनीं सौरपौराणिकमतसमर्थन लिहून दोन्ही मतांचा मेळ घालण्याचा यत्न केला. तात्पर्य, हा वाद इंग्रजांच्या आगमनापूर्वींच आमच्या पंडितांत चालू होता; नवी गोष्ट एवढीच झाली कीं, एकोणिसाव्या शतकांत तो शाळेच्या दारापर्यंत येऊन पोंचला.

४

या दाराशीं प्रथम पोंचला तो पुण्याचा किंवा मुंबईचा मनुष्य नव्हे, तर तंजावरचा मराठा राजा. सरफोजी दुसरे (इ. स. १७७७–१८३२) यांच्या बालपणावर श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याची देखरेख होती. १७९८ मध्यें ते गादीवर बसले, आणि पुढें राज्याचा प्रत्यक्ष कारभार कंपनीकडे गेल्यावर त्यांनीं आपली शक्ति विद्येकडे लाविली. सरस्वती महालांतील ग्रंथसंग्रह त्यांनीं वाढविला. देवनागरी छापखाना काढून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकांत सख्खन पंडिताकडून इसापाच्या गोष्टींचें मराठी रूपांतर बालबोधमुक्तावली या नांवानें करवून छापविलें. मुंबईंत शाळापुस्तक मंडळी १८२२ मध्यें स्थापन झाली, हें लक्षांत घेतां तंजावरच्या या उद्योगाचें अग्रत्व ध्यानांत येईल.

याच राजाच्या नांवावर देवेंद्र कुरवंजी नांवाचें मराठी नाटक आहे. त्यांत जगाचा भूगोल गीतांतून सांगितला आहे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. विरहिणी नायिकेकडे डोंगरांत राहणारी भविष्य सांगणारी कुरव स्त्री येते. ती प्रथम आपला पर्वत, आपण हिंडलेले देश यांचें वर्णन करिते, आणि मग हात पाहून भविष्य कथन करिते. म्हणजे देशवर्णन हें त्या नाट्याचें ठरलेलें अंग आहे. सरफोजींनीं नवें काय केलें? तर त्या भटक्या बाईच्या तोंडीं स्वदेशाबरोबर सर्व जगाचें वर्णन घातलें. नव्या विद्येस जुन्या प्रयोगांत जागा सांपडली, आणि प्रेक्षकास ती परकी वाटण्याचें कारण उरलें नाहीं. हें नाटक हस्तलिखितांतच राहिलें होतें. तंजावरच्या सरस्वती महालानें १९५० मध्यें तें छापून प्रसिद्ध केलें.

प्रस्तुत लेखकास या ग्रंथाचें महत्त्व असें वाटतें : मराठी भाषेंत जगाचा भूगोल सांगण्याचा हा आरंभींचा यत्न कोष्टकांच्या रूपानें झालेला नाहीं, गीतरूपानें झाला. शिकविणारी व्यक्ति पंडित नाहीं, पंतोजी नाहीं. पायीं हिंडून देश पाहिलेली एक रानवट बाई आहे. भूगोलाचा खरा शिक्षक कोण, या प्रश्नाचें उत्तर त्या राजानें जाणून वा नकळत देऊन ठेविलें आहे.

५

दुसरा यत्न माळव्यांतील सिहोर येथें झाला. लॅन्सलॉट विल्किन्सन हा तेथें भोपाळ दरबारचा पोलिटिकल एजंट होता. संस्कृत ज्योतिषाचा त्यास चांगला व्यासंग होता, आणि त्याचें मत असें कीं, एतद्देशीयांस नवें ज्योतिष व भूगोल शिकवावयाचा तर आरंभ त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांपासून करावा. १८३४ मध्यें बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्यानें या अर्थाचा निबंध प्रसिद्ध केला. पुराणमतावर एकदम कोपर्निकसाचा आघात केला तर पंडित कानांवर हात ठेवतील. परंतु भास्कराचार्यांचें वचन पुढें ठेविलें तर त्यांस ऐकणें भाग पडेल, आणि गोल पृथ्वी एकदां मान्य झाली कीं फिरणाऱ्या पृथ्वीचा रस्ता मोकळा होईल, अशी ही दुहेरी पायरी होती.

या कामीं त्याचा उजवा हात म्हणजे सुबाजी बापू हे मराठी ज्योतिषी. त्यांनीं १८३६ मध्यें सिद्धान्तशिरोमणिप्रकाश हा ग्रंथ मराठींत लिहून पुराणमत, सिद्धान्तमत व कोपर्निकसाचें मत यांची तुलना केली. ग्रंथ मराठींत आहे, ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. शास्त्र्यांचा वाद शास्त्र्यांच्या भाषेंतून बाहेर पडून वाचतां येणाऱ्या कोणाहि मनुष्यापुढें आला. त्यावर खळबळ झाली. यज्ञेश्वर रोडे यांनीं अविरोधप्रकाश लिहून पुराण व सिद्धान्त यांत विरोध नाहीं असें प्रतिपादिलें. त्यास सुबाजी बापूंनीं १८३७ मध्यें अविरोधप्रकाशविवेक लिहून उत्तर दिलें. याच सिहोरच्या पाठशाळेंत पुण्यास जन्मलेले बापूदेव शास्त्री (१८२१–१८९०) शिकले. १८४२ पासून ते काशीच्या संस्कृत पाठशाळेंत अध्यापक झाले. आणि विल्किन्सननें केलेलें गोलाध्यायाचें इंग्रजी भाषांतर त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनीं, १८६१ मध्यें, बापूदेवांनीं तपासून प्रसिद्ध केलें.

येथें एक गोष्ट झांकून ठेवणें इतिहासकारास शोभणार नाहीं. १८३९ मध्यें विल्किन्सननें अश्वघोषाच्या नांवावर असलेली वज्रसूची प्रसिद्ध केली. जन्मावरून श्रेष्ठकनिष्ठत्व ठरविण्यास आधार नाहीं, असें ती प्रतिपादिते. सुबाजी बापूंनीं तिच्याच बरोबर टंक नांवाचें खंडन छापवून वर्णव्यवस्थेचा पक्ष घेतला. ज्या शास्त्र्यानें पृथ्वीचा आकार बदलावयास मान्यता दिली, त्यानें तिच्यावरील माणसांची मांडणी बदलावयास मान्यता दिली नाहीं. त्याची विद्वत्ता व धैर्य यांस यामुळें बाध येत नाहीं. परंतु गोल पृथ्वीचें ज्ञान आपोआप मन मोठें करितें, असें म्हणणाऱ्यांनीं हें उदाहरण विसरूं नये.

६

तिसरा यत्न मुंबईचा, आणि तोच पुढें टिकला. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनीं १८३२ मध्यें दर्पण काढलें, १८३४ मध्यें एल्फिन्स्टन विद्यालयांत सहाय्यक अध्यापक झाले, १८४० मध्यें दिग्दर्शन मासिक सुरूं करून त्यांत भूगोल, इतिहास व सृष्टिविज्ञान यांवर लेख दिले. भूगोलविद्येवर त्यांनीं शाळांसाठीं पुस्तक लिहिलें. १८४५ मध्यें शिक्षक तयार करण्याचा जो वर्ग मुंबईंत निघाला, त्याची धुरा त्यांच्याकडेच होती. स्वतः ज्योतिषांत निष्णात असलेला मनुष्य भूगोलाचें पुस्तक लिहितो व त्याच विषयाचे शिक्षकहि तयार करितो, हा योग पुन्हां क्वचितच आला.

शब्दाकडेहि पाहावें. सूर्यसिद्धान्तांत भूगोलाध्याय आहे. तेथें भूगोल म्हणजे भूमीचा गोळा, एक ज्योतिर्विषयक वस्तु. देशवर्णनास जुना शब्द भुवनकोश. मराठी शाळापुस्तकांनीं प्रथम भूगोलविद्या असा समास योजिला, म्हणजे त्या गोळ्याची विद्या. आणि पुढें विद्या हें पद गळून केवळ भूगोल उरला. आज एखादा मुलगा 'माझ्या गांवचा भूगोल' असें लिहितो, तेव्हां तो व्युत्पत्तीच्या दृष्टीनें आपल्या गांवचा वाटोळा गोळा सांगत असतो! परंतु या शब्दांतच एक विजय दडलेला आहे : विषयाचें नांव उच्चारतांच पृथ्वीचें वाटोळेपण कबूल केलें जातें. ज्या गोष्टीसाठीं सिहोरास ग्रंथावर ग्रंथ झाले, ती मराठी मुलगा विषयाच्या नांवाबरोबरच गिळतो.

आणि नेमकें येथेंच नुकसानहि झालें. १८५४ च्या खलित्यानंतर १८५५ मध्यें सरकारी शिक्षणखातें स्थापन झालें. शाळा वाढल्या, इन्स्पेक्टर आले, वार्षिक परीक्षा आल्या. परीक्षेस सोयीची वस्तु म्हणजे नांवांची यादी. नद्या, त्यांचीं उगमस्थानें, भूशिरें, सामुद्रधुन्या, राजधान्या. मुलानें नकाशावर छडी टेंकून नांव सांगावें, कीं उत्तीर्ण. पृथ्वी वाटोळी कशावरून, याचें उत्तर मात्र तीन ओळींचें होऊन बसलें : जहाजाचें शीड आधीं दिसतें, ग्रहणांत छाया वाटोळी पडते, मनुष्य प्रदक्षिणा करून येतो. देशावरील ज्या मुलानें समुद्र पाहिला नाहीं त्यास शिडाचें प्रमाण सांगणें, म्हणजे शेषाऐवजीं जहाजावर विश्वास ठेव म्हणण्यासारखेंच नव्हे काय? आप्तवाक्य बदललें, परीक्षण आलें नाहीं. पंतोजीच्या शाळेंतील औटकीच्या जागीं भूशिरांची घोकंपट्टी आली, एवढाच फेर झाला.

हा दोष एकट्या सरकारावर घालणें न्यायाचें होणार नाहीं. विल्किन्सनच्या पद्धतींतहि तो बीजरूपानें होता. भास्कराचार्य म्हणतात म्हणून पृथ्वी गोल माना, असें सांगणें म्हणजे आचार्यांच्या युक्तीऐवजीं आचार्यांचें नांव घेणें होय. आचार्यांनीं स्वतः तर छाया मोजण्यास सांगितलें होतें.

७

आणखी एक प्रश्न राहतो : पृथ्वीचा गोळा ज्या वर्गांत ठेविला, त्या वर्गांत बसावयास कोण मिळालें? १८५६ मध्यें तेव्हांच्या मुंबई इलाख्यांतील धारवाड येथें एका महार विद्यार्थ्यानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला, हें सरकारी कागदोपत्रीं नमूद आहे. त्याच्या आठ वर्षें आधीं, १८४८ मध्यें, जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींसाठीं शाळा उघडिली होती. पुढें महार-मांगांच्या मुलांसाठींहि त्यांनीं शाळा काढिल्या. पलभेचा अंक जोशाच्या पोथींत बंद होता तो एक काळ. तो छापील पुस्तकांत आला, परंतु पुस्तक असलेल्या खोलीचें दार बंद राहिलें, तो दुसरा. विद्येचा इतिहास लिहितांना ग्रंथ केव्हां छापला एवढेंच सांगून भागत नाहीं. तो कोणाच्या हातीं पडूं दिला, हेंहि सांगावें लागतें.

८

आतां थोडें स्वानुभवाचें. पुणें जिल्ह्यांतील एका खेड्यांत वरिष्ठ प्राथमिक शाळेवर असतां प्रस्तुत लेखक दरसाल २१ मार्चच्या सुमारास मुलांस अंगणांत नेई. बारा अंगुळांची एक सरळ काठी ओळंब्यानें उभी करावयाची, आणि अकरा वाजल्यापासून दर पांच मिनिटांनीं छायेच्या टोंकावर खूण करावयाची. सर्वांत आंखूड छाया तीच मध्यान्हछाया. ती दरसाल चार अंगुळें भरे, कधीं सुताइतका फरक पडे. मुलांस मौज वाटे ती निराळ्याच गोष्टीची : मध्यान्ह बारा वाजतां होत नसे; घड्याळांत पाऊण वाजत आला असतां होई. असें कां, हा प्रश्न मुलेंच विचारीत. आपलें घड्याळ ८२½ अंश पूर्व रेखांशाचें, आपला गांव त्याच्या पश्चिमेस सुमारें साडेआठ अंश, दर अंशास चार मिनिटें. शिवाय त्या दिवसांत सूर्यच सुमारें सात मिनिटें मागें असतो. एका काठीनें एका दुपारीं अक्षांशहि दिला आणि रेखांशहि दिला. जे शब्द पुस्तकांतून वर्षभर सांगून मनांत उतरत नसत, ते त्या दिवशीं उतरत.

एके वर्षीं एका मुलानें दुसऱ्या दिवशीं घरून एक सुटें पान आणलें. त्याचे पणजोबा जोशीपण करीत. पान जीर्ण, हातकागदाचें, शाई तपकिरी पडलेली. त्यावर कांहीं गांवांचीं नांवें व पुढें अंक होते. पुण्यापुढें चाराचा अंक पाहतांच तो मुलगा म्हणाला, "गुरुजी, काल आपण मोजलें तें यांना आधींच ठाऊक होतं!" लेखकानें उरलेल्या पोथ्यांविषयीं विचारिलें. बाकीचें सर्व बाड मागच्या दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीवाल्यास दिलें होतें. हें पान एका डब्याच्या तळाशीं घातलेलें म्हणून राहिलें.

त्या दिवशीं वर्गांत धडा झाला नाहीं. ज्या मुलानें पूर्वीं कधीं तोंड उघडलें नव्हतें, तो तें पान हातीं धरून सर्वांस दाखवीत होता. पणजोबांचा अंक व आपल्या काठीची छाया एकच, हें त्यास जेवढें पटलें तेवढें कोणत्याहि पुस्तकानें पटविलें नसतें. मात्र एक गोष्ट लेखकानें त्यास सांगितली व येथेंहि सांगतो : पान जुनें आहे म्हणून अंक खरा नव्हे, छाया मोजली आणि ती जुळली म्हणून खरा. ती जुळली नसती, तर पान बाजूस ठेवून पुन्हां काठी उभी करावी लागली असती.

९

सध्यांच्या महाराष्ट्रांत तिसरीच्या मुलास आपल्या जिल्ह्यापासून आरंभ करून पुढें राज्य, देश व जग असें नेण्याची चाल पडली आहे, आणि ती योग्य आहे. एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळ पुस्तकें याच्या उलट, गोळा, वृत्तें व कटिबंध यांपासून निघून गांवापर्यंत कधींच पोंचत नसत. परंतु वरिष्ठ प्राथमिक वर्गांत मुलगा पुन्हां त्या गोळ्याशीं येतो, तेव्हां त्यास केवळ चित्र दाखवून भागविलें जाऊं नये. तेथें शंकु हवा. खर्च कांहींच नाहीं. ऊन व अंगण पुरे.

शेवटीं संग्राहक मित्रांस तीन विनंत्या. पहिली : ग्रहलाघवाची किंवा कोणत्याहि करणग्रंथाची पोथी हातीं आली तर ग्रंथाची प्रत सामान्य म्हणून ती टाकूं नये, आरंभींचीं व अखेरचीं पानें, समासांतील टिपा व सुटे कपटे पाहावे. गांवांच्या पलभा व देशांतरें तेथें लिहिलेलीं आढळतात. अशा याद्या एकत्र केल्या, तर कोणत्या गांवीं प्रत्यक्ष मोजणी होत होती व कोठें जुना अंक नुसता उतरून घेतला होता, हें आजच्या अक्षांशांशीं ताडून ठरवितां येईल. दुसरी : एकोणिसाव्या शतकांतील शाळापुस्तकें, नकाशे, चिपळूणकर पितापुत्रांच्या संपादनाखालीं चाललेल्या मराठी शालापत्रकाचे सुटे अंक, आणि विशेषतः मुलांच्या वह्या जपाव्या. ताम्रपट व सनदा यांपुढें हे कागद क्षुद्र वाटतात. परंतु राजानें काय दिलें हें सनद सांगते, आणि समाजानें काय शिकलें हें वही सांगते. तिसरी : तंजावर, सिहोर व मुंबई या तीन ठिकाणच्या ग्रंथांचें तौलनिक वाचन एखाद्या तरुण अभ्यासकानें हातीं घ्यावें. मराठी भूगोलाच्या परिभाषेंत कोणता शब्द सिद्धान्तांतून आला, कोणता इंग्रजीवरून बनविला व कोणता वापरांतून गेला, याची सूची त्यावरून सिद्ध होईल.

तें एक पान प्रस्तुत लेखकानें मुलाच्या वडिलांस समजावून परत केलें, आणि कांच लावून घरांत ठेवण्यास सांगितलें. ज्या घरचें त्या घरींच तें राहावें, असें तेव्हां वाटलें व अजूनहि वाटतें. बाड वांचविण्यास मात्र आपण एक दिवाळी उशिरा पोंचलों, ही रुखरुख कायम आहे. वाचकांपैकीं कोणाच्या शेजारीं एखाद्या जुन्या जोशाचें घर असेल, तर त्यांनीं येत्या दिवाळीपूर्वीं तेथें एकदां जाऊन यावें.